बंद गाडीची टाकी

शहरातील जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक तरी गाडी अशी असते, जी वर्षानुवर्षे जागची हललेली नाही. टायर बसलेले, काचेवर धुळीचा थर, बोनेटवर पाखरांची घाण. मालक परगावी, नाहीतर वारसांत एकमत नाही, नाहीतर ‘करू कधीतरी दुरुस्त’ म्हणत दिवस गेलेले. सोसायटीच्या सभेत अशा गाडीवरून भांडण होते ते जागेपायी. उंदीर, डास, पावसाळ्यात साचणारे पाणी यांवरूनही होते. तिच्या टाकीत किती पेट्रोल आहे, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. गाडी चालू नाही म्हणजे ती निर्जीव, निरुपद्रवी, असे गृहीत धरले जाते. माझे म्हणणे याच्या उलट आहे. चालत्या गाडीतील पेट्रोल बंदिस्त यंत्रणेत असते, ते रोज वापरले जाते आणि त्याच्यावर कोणाचे तरी लक्ष असते. बंद गाडीतील पेट्रोलवर कोणाचेच लक्ष नसते. एक दिवस मग कोणीतरी हातात रबरी नळी आणि पाण्याची रिकामी बाटली घेऊन ते काढायला बसतो, आणि गाडीच्या साऱ्या आयुष्यातील सर्वांत धोक्याचा क्षण तोच असतो. हे काम घरगुती उरकाउरकीचे नाही. ते कधी करायचे, कोणी करायचे आणि कधी मुळीच करायचे नाही, हे ठरवण्याची जबाबदारी गाडीच्या मालकाची आहे. गाडी शेवटी ज्याच्या दारात जाऊन पडेल, त्याच्यावर ती ढकलता येत नाही.

याचे कारण पेट्रोलच्या स्वभावातच आहे. पेट्रोल पेटते असे आपण म्हणतो, पण पेटते ती त्याची वाफ. ही वाफ उणे ४० अंश सेल्सियसच्या आसपासही ठिणगीने पेट घेण्याइतकी तयार होते. म्हणजे महाराष्ट्रातील कोणत्याही ऋतूत, कोणत्याही वेळी ती हजर असते. हवेत तिचे प्रमाण सुमारे १.४ ते ७.६ टक्के असेल तरच ती पेटते. त्याहून कमी असेल तर पेटायला वाफ पुरत नाही, त्याहून जास्त असेल तर प्राणवायू पुरत नाही. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्यामुळे वर उडून जात नाही. जमिनीलगत पसरते, उताराने खाली उतरते, गटाराच्या जाळीतून आत जाते, बेसमेंटच्या कोपऱ्यात आणि गॅरेजच्या खड्ड्यात साचून राहते. थोडा हिशेब करून पाहावा. १ लिटर पेट्रोल पूर्ण उडाले, तर त्याची साधारण पावणेदोनशे लिटर वाफ होते. १.४ टक्क्यांच्या मर्यादेने पाहिले, तर तेवढी वाफ १२ ते १३ घनमीटर हवा पेटण्याजोगी करते. दहा बाय दहा फुटांच्या खोलीत साधारण २५ घनमीटर हवा असते, म्हणजे तेवढ्या खोलीला २ लिटर पुरे. पण वाफ खोलीभर सारखी पसरत नाही, ती तळाशी राहते. गुडघ्याच्या उंचीपर्यंतचाच थर धरला, तर अर्धा लिटरही जास्त होते. ‘चार-पाच लिटरच तर आहे’ असे म्हणणाऱ्याने हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

आता टाकीच्या आत काय होते ते पाहू. ताज्या पेट्रोलने अर्धी भरलेली, झाकण लावलेली टाकी सहसा आतून पेट घेत नाही, कारण तिच्या मोकळ्या भागातील वाफेचे प्रमाण ७.६ टक्क्यांच्या कितीतरी वर असते. धोका वाढतो तो टाकी जवळजवळ रिकामी झाल्यावर, आणि ती उघडून आत हवा शिरल्यावर. पेट्रोल काढून घेतलेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा निर्धोक, ही समजूत म्हणूनच घातक आहे. तळाशी कपभर पेट्रोल उरलेली, तोंड उघडे असलेली टाकी म्हणजे पेटण्याच्या नेमक्या प्रमाणातील मिश्रण भरलेले भांडे. जुन्या पेट्रोलची गोष्ट आणखी वेगळी. पेट्रोल हा एकच पदार्थ नसून शेकडो हायड्रोकार्बन्सचे मिश्रण आहे. गाडी महिनोन् महिने उभी राहिली की त्यातील हलके घटक हळूहळू निसटतात आणि जड तेवढे मागे उरतात. उरलेल्याची वाफ कमी होते खरी, पण त्यामुळेच टाकीतील मिश्रण ‘अतिदाट’च्या सुरक्षित बाजूवरून पेटण्याच्या टापूत येऊ शकते. ‘राहू द्या, आपोआप उडून जाईल’ हे उत्तर दोन्ही अंगांनी चुकीचे ठरते. बंद टाकीतून सगळे पेट्रोल उडून जात नाही, आणि जे उरते ते निवळलेले नसते. त्याला वार्निशसारखा वास येतो, त्यात डिंकासारखा चिकट साका धरतो, इंजिनाला ते चालत नाही. पेटायला मात्र उत्तम चालते.

त्यात आता इथेनॉलची भर पडली आहे. देशभर १० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट २०२२ मध्ये गाठले गेले आणि २०२३ पासून २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांचा या इथेनॉलमध्ये मोठा वाटा आहे, म्हणून हा विषय आपल्याला परका नाही. इथेनॉल पाणी शोषून घेते. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळी हवेत उभ्या गाडीच्या टाकीत ओलावा शिरत राहिला, आणि पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले, की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर खाली बसते. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीत हे झपाट्याने घडते. २६ जुलै २००५ च्या मुंबईत किंवा २२ जुलै २०२१ च्या चिपळूणमध्ये ज्या गाड्या छतापर्यंत पाण्याखाली गेल्या, त्यांच्या टाक्यांत पाणी शिरायला वाट होतीच. अशा टाकीत नळी तळापर्यंत सोडली, तर आधी येतो तो खालचा थर. तो पाण्यासारखा दिसतो, पेट्रोलइतका वास मारत नाही. काढणारा म्हणतो, ‘पाणी गेलंय आत’, आणि बादली गटारात रिकामी करतो. त्या थरात पाणी असते तसे इथेनॉलही असते, आणि इथेनॉल व पाणी निम्मे-निम्मे असलेले मिश्रण सुमारे २४ अंशांनाच पेटण्याजोगी वाफ सोडू लागते. चिपळूणच्या सावलीत दिवसा पारा त्याच्या वर असतो. इथेनॉलची ज्योत दिवसाउजेडी नीट दिसतही नाही. जुन्या पेट्रोल-ज्ञानावर विसंबून जे हात चालतात, त्यांना हे नवे पेट्रोल ओळखीचे नाही.

आता प्रत्यक्ष काम. आपल्याकडची सर्वांत रुळलेली पद्धत म्हणजे नळीचे एक टोक टाकीत, दुसरे तोंडात, आणि एक ओढ. हे करणारे शेकडो हात आपण पाहतो आणि ‘काही होत नाही’ असा निष्कर्ष काढतो. पण ज्याला झाले, तो दुसऱ्या दिवशी तिथे उभा नसतो. त्यामुळे आपण पाहतो ते फक्त बचावलेले. पेट्रोल पोटात जाण्यापेक्षा फुप्फुसात जाणे अधिक वाईट आहे. ते पातळ असते, झटकन पसरते. घशाशी आलेला घोट ठसक्याबरोबर श्वासनळीत उतरला, की फुप्फुसाच्या आतल्या पातळ पडद्यांवर पसरतो आणि रासायनिक न्यूमोनिया होतो. रॉकेल प्यायलेल्या लहान मुलांवर उपचार केलेल्या कोणत्याही बालरोगतज्ज्ञाला हे चित्र ठाऊक आहे. म्हणूनच अशा वेळी मिठाचे पाणी पाजून उलटी करवणे हा आपला घरगुती उपाय सर्वांत अघोरी ठरतो, कारण वर येणारे पेट्रोल दुसऱ्यांदा श्वासनळीपाशी पोचते. उलटी करवायची नाही, माणसाला थेट रुग्णालयात न्यायचे. शिवाय पेट्रोलमध्ये बेंझिन असते. बीएस-६ इंधनात त्याची मर्यादा १ टक्का आहे. बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होतो हे निर्विवाद आहे. एका घोटाने तो होत नाही, पण ज्याचे पोटच या कामावर आहे त्याच्या बाबतीत ‘एक घोट’ हा हिशेबच लागू होत नाही.

तोंडाची ओढ सोडून दिली तरी काम सोपे होत नाही. मारुती ८०० च्या जुन्या, कार्ब्युरेटरवाल्या पिढीत इंधनाचा पंप इंजिनाजवळ असे आणि पेट्रोलचा मार्ग साधा होता. इंजेक्शनच्या गाड्या आल्या तसा पंप टाकीच्या आत गेला. आजच्या बहुतेक गाड्यांत पेट्रोल भरण्याच्या तोंडातून नळी घातली तर ती मध्येच अडते, कारण गाडी उलटली तरी इंधन सांडू नये म्हणून तिथे पडदा किंवा झडप असते. अडलेली नळी जोर लावून रेटली की ती आत अडकून बसते. मग वैतागलेला माणूस टाकीच्या खालच्या बाजूला स्क्रूड्रायव्हर आणि हातोडीने, नाहीतर ड्रिलने भोक पाडतो. माझ्या मते या साऱ्या कामातील अक्षम्य कृती हीच. ड्रिलच्या मोटरमध्ये ठिणग्या असतात, धातूवर धातू घासतो, आणि भोक पडल्यावर येणारी धार बोटाने थांबत नाही. खाली झोपलेल्या माणसाच्या छातीवर, कपड्यांवर पेट्रोल सांडते आणि त्याला पटकन बाहेर सरकताही येत नाही.

जाणता मेकॅनिक काय करतो? गाडी चार माणसांनी ढकलून उघड्यावर आणतो. बेसमेंटमध्ये नाही, खड्ड्यावर नाही, गटाराच्या जाळीशेजारी नाही. चाकांना दगड लावतो. टाकीला हात लावण्याआधी बॅटरीची ऋण बाजूची वायर सोडवतो. बॅटरी मेलेली दिसली तरी सोडवतो, कारण इंजिन फिरवायला अपुरी पडणारी बॅटरी दाराचा दिवा पेटवायला आणि ठिणगी टाकायला पुरेशी असते. बऱ्याच गाड्यांत मागची सीट उचलली की खाली एक गोल किंवा चौकोनी झाकण असते. त्याखाली पंप आणि त्याला जोडलेली इंधननळी. चालू गाडीत त्या नळीत ३ बारच्या आसपास दाब असतो. महिनोन् महिने उभ्या गाडीत तो उतरलेला असेल, पण त्यावर भिस्त ठेवायची नसते. जोडावर कापड धरूनच तो सोडवायचा असतो. इथून हातपंपाने पेट्रोल काढता येते. मात्र हे काम गाडीच्या आतल्या भागात होते आणि वाफ तिथेच भरते, म्हणून चारही दारे आणि डिकी सताड उघडी हवीत. पंप हाताने दाबायच्या रबरी फुग्याचा किंवा इंधनासाठीच बनवलेला हवा. माशांच्या टाकीचा किंवा कूलरचा पंप आणून जोडणे म्हणजे मोटर वाफेत बुडवणे. बागेची पारदर्शक नळीही नको, पेट्रोल आणि इथेनॉल तिला मऊ करतात, मग ती जोडापाशी निसटते. आणि शेजारी पावडरचे अग्निशामक नळकांडे हवे, निदान कोरड्या वाळूच्या दोन बादल्या. पाणी नको; पेट्रोल पाण्यावर तरंगत पुढे जाते आणि आग आपल्याबरोबर नेते.

यात सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे स्थिर विद्युत. वाहते पेट्रोल स्वतःच विद्युतभार साठवते, आणि तो निघून जायला वाट मिळाली नाही तर ठिणगी होऊन उडी मारतो. अमेरिकेतील कामगार-आरोग्याच्या नियॉश या सरकारी संस्थेने १९९८ मध्ये इशारा दिला होता की मालवाहू गाडीच्या प्लास्टिकच्या अस्तरावर कॅन ठेवून पेट्रोल भरताना आगी लागतात, कारण कॅनवरचा भार जमिनीत उतरत नाही. उपाय साधा आहे. धातूचा कॅन, तो थेट जमिनीवर, कॅन आणि गाडीचा धातूचा भाग यांना जोडणारी एक तार, नळीचे टोक कॅनच्या तळाला टेकलेले म्हणजे धार उंचावरून पडून शिंतोडे उडणार नाहीत, आणि प्रवाह संथ. पंपावर मोबाईल बंद ठेवण्याबद्दल आपण काटेकोर असतो, ते चांगलेच. पण नायलॉनचा शर्ट, प्लास्टिकची बादली आणि प्लास्टिकचे नरसाळे यांच्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही, आणि खरा धोका तिकडे अधिक आहे.

पाण्याच्या बाटलीचा प्रश्न तर वेगळाच. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याने परवान्याशिवाय पेट्रोल जवळ बाळगण्याची कमाल मर्यादा ३० लिटर ठेवली, तीही विक्रीसाठी नसेल तर. त्याच कायद्याने भांडी कोणती असावीत हेही सांगितले: घट्ट बुचाची, काचेची किंवा चिनी मातीची असतील तर १ लिटरपर्यंत, धातूची असतील तर २५ लिटरपर्यंत. नव्वद वर्षांपूर्वीच्या या तरतुदीतील विवेक आजही ताजा आहे. पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत भरलेले पेट्रोल फ्रिजशेजारी, माळ्यावर, जिन्याखाली जाते. तिथे तहानलेला मुलगा असतो, आणि देवघरातली समईही असते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. इतकी जोखीम असेल, तर टाकी उघडावीच कशाला? गाडी शेवटी मोडीतच जायची आहे. तिथले लोक बघून घेतील. या आक्षेपाचा अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. टाकी गळत नसेल, झाकण जागेवर असेल आणि गाडी येत्या काही दिवसांत नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात जाणार असेल, तर ती तशीच टोइंगवर चढवावी. घरी टाकी उघडू नये. सप्टेंबर २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्रीय नियमांनी अशा केंद्रांची व्यवस्था घातली आणि गाडी सुटी करण्याआधी तिच्यातील इंधन, तेल, बॅटरी, वातानुकूलनाचा वायू काढून घेण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. युरोपीय संघाने हेच तत्त्व २००० सालच्या निर्देशात घातले होते: आधी इंधन काढा, मग पत्र्याला हात लावा. पेट्रोल काढायचे ते गाडी दीर्घकाळ उभीच राहणार असेल तर, टाकी गळत असेल तर, किंवा टाकीच्या जवळपास दुरुस्ती करायची असेल तर. एरवी हात न लावणे हाच शहाणपणा.

आक्षेपाचा उरलेला अर्धा भाग मात्र मला मान्य नाही, कारण ‘तिथले लोक’ बहुधा नोंदणीकृत केंद्रातले नसतात. गाडी जाते ती रोख पैसे देऊन, दारातून उचलून नेणाऱ्याकडे. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडच्या परिसरात, आणि प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी कुठल्या ना कुठल्या रस्त्यावर, हा धंदा पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे. ही माणसे कौशल्याने काम करतात. एकेक सुटा भाग वाया न घालवण्याचे त्यांचे ज्ञान कौतुकाचे आहे. पण तिथे गॅस कटर चालतो, ठिणग्या उडतात, आणि कटर धरणाऱ्या पोराला टाकीत काय आहे हे कोणी सांगितलेले नसते. टाकी पाण्याने धुतली की झाले, हाही समज तिथे असतो. धुतलेल्या टाकीच्या सांध्यांत, आतल्या पडद्यांमागे पेट्रोल दडून राहते आणि कटरच्या उष्णतेने त्याची पुन्हा वाफ होते. मालकाने ‘भंगारात दिली’ म्हणताना आपली जोखीम अशा माणसाच्या हाती दिलेली असते, ज्याच्याकडे हातमोजेही नसतात. कायद्याची दिशाही आता मालकाकडे वळली आहे. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या आयुर्मान संपलेल्या वाहनांच्या नियमांनुसार, गाडी त्या वर्गात गेल्यावर १८० दिवसांच्या आत ती अधिकृत संकलन किंवा स्क्रॅपिंग केंद्रात जमा करणे हे नोंदणीकृत मालकाचे कर्तव्य आहे.

मुंबई-पुण्याच्या संदर्भात एक जोड आवश्यक आहे. सीएनजी गाडी असेल तर पेट्रोलचा प्रश्न नाही, असे अनेकांना वाटते. बहुतेक सीएनजी गाड्यांना पेट्रोलची टाकीही असते. ती क्वचित वापरली जाते, म्हणून तिच्यातील पेट्रोल चालत्या गाडीतही जुने झालेले असते. मागे सिलिंडर, खाली विसरलेले पेट्रोल, आणि वर गॅस कटर: या गाडीची दोन्ही इंधने स्वतंत्रपणे, आणि सिलिंडर तर अधिकृत माणसाकडूनच, उतरवली पाहिजेत.

दुसरा आक्षेप पैशांचा. पेट्रोल महाग आहे, ते वाया का घालवावे? ताजे, स्वच्छ, पाणी न शिरलेले असेल तर खरेच वाया घालवू नये. गाळून, थोडेथोडे, दुसऱ्या गाडीच्या भरलेल्या टाकीत मिसळता येते. काचेच्या बाटलीत थोडे घेऊन उजेडाकडे धरावे. गडद तपकिरी रंग, वार्निशचा वास, तळाशी वेगळा थर यांपैकी काहीही दिसले, तर ते इंधन राहिलेले नाही, घातक कचरा झाला आहे. आणि इथे आपल्या व्यवस्थेत मोठी पोकळी आहे. कारखान्यांच्या घातक कचऱ्यासाठी तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी, महापे येथे प्रकल्प आहेत. घरगुती घातक कचऱ्याच्या व्याख्येत २०१६ च्या घनकचरा नियमांनी रंगाचे डबे, कीटकनाशकांचे डबे, बॅटऱ्या, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधे यांची नावे घेतली. पाच लिटर शिळ्या पेट्रोलचे नाव तिथे नव्हते. नागरिकाने ते न्यायचे कुठे, याचे सरळ उत्तर महापालिकेच्या खिडकीवर मिळत नाही. म्हणून ते गटारात जाते.

गटारात जाणे म्हणजे काय, हे २२ एप्रिल १९९२ रोजी मेक्सिकोतील ग्वादालाहारा शहराने भोगले. गळक्या वाहिनीतील पेट्रोल भुयारी गटारांत मुरत होते. रहिवासी आधीपासून वासाची तक्रार करत होते. मग गटारांचा स्फोट झाला, रस्तेच्या रस्ते उखडले आणि २०० हून अधिक माणसे गेली. तिथले प्रमाण वाहिनीचे होते, इथले कॅनचे आहे, दोन्हींची बरोबरी करता येणार नाही. पण बंद गटारात वाफ कशी साचते आणि किती दूर जाते, याचे तत्त्व तेच आहे, आणि आपल्या गटारांत उतरून काम करणारी माणसेही आहेत. एका सोसायटीने ओतलेल्या पाच लिटरांचा संबंध त्यांच्याशी थेट पोचतो.

ही पोकळी भरणे फार खर्चिक नाही. सर्व्हिस सेंटरकडे वापरलेले तेल साठवण्याची आणि अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला देण्याची सवय आधीच आहे. त्याच साखळीत शिळ्या पेट्रोलचा एक बंद धातूचा पिंप बसू शकतो. महापालिकेला महिन्यातून एक दिवस प्रभाग कार्यालयात घरगुती घातक कचरा घेता येईल आणि पेट्रोल त्या यादीत घालता येईल. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रे गाडी दारातून उचलून न्यायला आली, तर रोखीच्या भंगाराचे मोठे आकर्षण निम्मे होईल. तोवर सोसायटीच्या व्यवस्थापक समितीने उभ्या गाड्यांची यादी करताना आणखी एक रकाना वाढवावा: टाकीत किती, कधीचे, गळती आहे का. गाडी कोणाच्याही हवाली करताना मालकाने त्याच तीन गोष्टी कागदावर लिहून द्याव्यात, आणि गाडी सीएनजीची असेल तर सिलिंडरचीही नोंद करावी. पेट्रोल काढले असेल तर कोणी आणि कोणत्या तारखेला काढले हे लिहावे, आणि त्याखाली हेही की टाकी रिकामी केलेली आहे, वाफमुक्त केलेली नाही. गॅस कटर धरणाऱ्याला नेमकी एवढीच माहिती लागते.